मोरचुदाचा आहेर

मृत्युंजयनं बिनरंगाचं नेलपॉलिश विकत घेतलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

मृत्युंजय सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. वय छत्तीस. घरात तो आणि त्याची आई शिवबाई, दोघंच. शिकवताना त्याला भान नसायचं. पोरं मागच्या बाकावरून जांभया देत असली तरी हा फळ्यावर रंगून जायचा. पण वर्गाबाहेर चार माणसांत बसवलं की त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. लग्नासाठी बघितलेल्या मुलींच्या घरी तो पोहे खाऊन परत यायचा आणि मुलीकडचे कळवायचे, "मुलगा चांगला आहे हो, पण बोलतच नाही."

मागच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, बरणीचं झाकण कुणीतरी सैल ठेवलं होतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हात आतल्या निळ्या खड्यांवर पांढुरकी भुकटी चढली. मोरचुदाच्या खड्यात पाणी कोंडलेलं असतं आणि त्या पाण्यामुळेच तो निळा दिसतो. पाणी उडालं की रंगही जातो. दुसरं कुणी असतं तर नवी बरणी मागवली असती. मृत्युंजयला वाटलं, आपण करूनच बघू की.

त्याच्या घराखाली पंपांच्या मोटारींची वायंडिंग भरून देण्याचं दुकान होतं. जळालेल्या पंपांतून काढलेल्या तांब्याच्या तारांचे पुंजके तिथं पडलेले असायचे. त्यातला एक त्यानं मागून आणला. तांबं नुसतं सौम्य आम्लात टाकलं तर ढिम्म हलत नाही, हे तो दरवर्षी पोरांना सांगायचा. म्हणून कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यानं तारा लालभडक तापवल्या, गार केल्या, पुन्हा तापवल्या. त्यांच्यावर काळी पापडी धरली. ती खरवडून त्यानं कोमट, सौम्य गंधकाम्लात टाकली आणि काचेच्या कांडीनं ढवळत राहिला. काळा चुरा हळूहळू नाहीसा झाला आणि पाणी निळं होत गेलं, आधी आभाळासारखं, मग शाईसारखं. इतकी वर्षं हे समीकरण फळ्यावर लिहिणारा माणूस ते रंग बघून एकटाच हसला.

गाळून घेतलेलं ते पाणी त्यानं निवत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तळाशी खडे जमले होते. त्यातला सगळ्यांत सुबक खडा त्यानं दोऱ्याला बांधला, पेन्सिलीवरून त्याच निळ्या पाण्याच्या बरणीत सोडला आणि बरणी घरी आणून फडताळावर ठेवली. पाणी आटेल तसा खडा वाढतो. दिवाळीत तो हरभऱ्याएवढा होता. जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली तेव्हा लिंबाएवढा झाला. एका अंगाला कललेली वीट असावी तसा त्याचा आकार, कडा धारदार, अंग काचेसारखं.

"अव्वा, बघ तरी," तो रोज म्हणायचा.

"बघितलं की. काल होता तसाच हाय," शिवबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. "आणि त्या फडताळावरनं काढ ते आधी. खाली माझं पीठ असतंय."

शिवरात्र जवळ आली तशी ऊन तापायला लागलं. खडा असाच उघडा राहिला तर पांढरा पडेल, त्याच्यावर काहीतरी लेप हवा, म्हणून मृत्युंजय कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये गेला. दुकान महेश्वरी नावाच्या बाई चालवायच्या. त्यांच्याकडे सगळ्या गल्लीची खबर असायची. मृत्युंजय दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर घुटमळला, मग आत जाऊन खालच्या मानेनं म्हणाला, "नेलपॉलिश द्या. बिनरंगाचं."

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

शिवबाईंनी लगेच काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी केली. सण नव्हता, वार नव्हता. मृत्युंजयनं दुसरी पोळी घेतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "कोण हाय ती?"

"कोण?"

"लाजू नको यप्पा. आपल्यातली नसली तरी चालंल मला. फक्त नाव सांग."

मृत्युंजयला काहीच उमगेना. शेवटी नेलपॉलिशचा विषय निघाला, तेव्हा तो उठला आणि आतून खडा घेऊन आला. त्याच्यावर लेपाचा थर नुकताच वाळला होता आणि दिव्याखाली तो नुसता लखलखत होता.

शिवबाईंनी खड्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो देवा! छत्तीस वर्षांचा घोडा झाला आणि दगडाला नेलपॉलिश लावत बसलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी फोन हातात घेतला तो संध्याकाळीच ठेवला. त्यातून नातेपुत्याचं स्थळ निघालं. मुलीचे वडील मल्लप्पा, पेठेत किराणा मालाचं दुकान. मुलगी सिद्धेश्वरी, शेतकी शिकलेली. गावाबाहेरची डाळिंबाची बाग ती स्वतः बघते. वयही जुळतं. आणि मुख्य म्हणजे मुलगी बोलकी आहे.

"दोघांपैकी एकानं बोललं तरी संसार हुतो," शिवबाई म्हणाल्या.

नातेपुत्याला जाताना शिवबाईंच्या पिशवीत पेढे होते. मृत्युंजयच्या बॅगेत, कापसात गुंडाळून, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवलेला खडा होता. तो का घेतला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याच्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं, इतकंच.

मल्लप्पांच्या घरी सतरंजी अंथरून वर खुर्च्या मांडल्या होत्या. हवापाण्याचं बोलून झालं, गाड्यांच्या गर्दीचं झालं, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांची कशी वाट लावली ते झालं. सिद्धेश्वरी पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि ठेवून सरळ समोरच्या खुर्चीवर बसली. उन्हानं रापलेला चेहरा, ठसठशीत कुंकू, हाताच्या बोटांवर काट्यांचे ओरखडे.

"तुमी काय शिकवता?" तिनंच विचारलं.

"रसायन," मृत्युंजय म्हणाला. आणि थांबला.

सगळे वाट बघत होते. शिवबाईंनी त्याच्या पायाला पाय लावला. त्यानं घाईनं बॅग उघडली आणि मिठाईचं खोकं सिद्धेश्वरीच्या हातात दिलं.

"पेढे तर मी दिले की," शिवबाई पुटपुटल्या.

सिद्धेश्वरीनं झाकण काढलं, कापूस बाजूला केला आणि खडा बोटांत उचलला. मग मोठ्यांदा हसली.

"अण्णा, ह्ये बघा! मोरचूद!"

"मोरचूद?" मल्लप्पा पुढं वाकले. "फवारायचं?"

"तेच की! पाव्हण्यांनी मोरचूद आणलंय!"

शिवबाईंना त्या क्षणी सतरंजीखाली जावंसं वाटलं. मुलगी बघायला गेलेल्या घरात पोरानं विष काढून दिलं होतं. पण सिद्धेश्वरीचं हसणं थांबलं होतं. ती खडा खिडकीच्या उजेडात धरून फिरवत होती.

"आमच्याकडं पोत्यानं येतंय ह्ये," ती म्हणाली. "पण चुरा नायतर साखरेएवढाले खडे. येवढा मोठा मी कवाच बघितला न्हाय. कुटं मिळाला?"

"मी केला," मृत्युंजय म्हणाला.

"केला म्हंजी?"

आणि मग मृत्युंजय बोलायला लागला. जळक्या तारांपासून सुरुवात करून काळी पापडी, कोमट आम्ल, पाण्याचा बदलता रंग, दोरा, पेन्सिल, खड्यात कोंडलेलं पाणी, सगळं. हातवारे करत, खुर्चीच्या कडेवर येऊन. सिद्धेश्वरी मधे मधे विचारत होती. दोऱ्यालाच का धरतं? खडा तिरकाच का वाढतो? हलवला तर बिघडतो का? शेवटी तिनं बशीकडे हात नेला तसा मृत्युंजय जवळजवळ ओरडलाच, "थांबा! आधी हात धुवा! पोटात जाता कामा नये ते!"

मग ज्यांनी ज्यांनी खडा हातात घेतला होता ते सगळे उठून मोरीपाशी रांगेनं हात धुऊन आले. तोवर पोहे गार झाले होते.

परतीच्या एसटीत शिवबाई टेंभुर्णीपर्यंत पदरानं वारा घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक साडी देत्यात, नारळ देत्यात. तू पोरीला मोरचूद दिलास. आता कशाला येतोय त्यांचा निरोप!"

निरोप खरंच आला नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. मृत्युंजय मोबाइल खिशातून काढून बघायचा आणि परत ठेवायचा. शिवबाईंनी दुसरी स्थळं काढली, तर त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून सांगितलं, "जरा थांब अव्वा."

आणि एका दुपारी, तो पेपर तपासत असताना, फोन वाजला.

"सर, मी सिद्धेश्वरी. नातेपुत्याची." आवाजात घाई होती. "लग्नाचं न्हाय बोलायचं मला. माझं बोर्डो बिघडलंय."

डाळिंबं उतरून झाली होती. छाटणी झाली की झाडांच्या उघड्या जखमांतून रोग शिरतो, म्हणून लगेच बोर्डोची फवारणी करायची असते. बोर्डो म्हणजे एका पिंपात मोरचुदाचं पाणी, दुसऱ्यात कळीच्या चुन्याची निवळी, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं. त्याचा रंग सुरेख आभाळी येतो. सिद्धेश्वरी ते दरवर्षी स्वतः करायची.

"औंदा रंगच धरंना. मळकट हिरवा आलाय, वरनं तांबूस. नवं पोतं फोडलं हुतं. चुना बदलून बघितला, पाणी बदलून बघितलं. फवारायला हात धजंना माझा. तुमी त्या दिवशी खड्याबद्दल येवढं बोललात, म्हणून म्हटलं तुमालाच विचारावं."

"फवारू नका," मृत्युंजय म्हणाला. "रविवारी येतो मी."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण न अडखळता बोललो.

रविवारी तो पहाटेच निघाला. बॅगेत चिनी मातीची वाटी, चिमटा, कॉलेजातलं थोडं खात्रीचं मोरचूद आणि अमोनियाची छोटी बाटली होती. बाटलीचं बूच थोडं सैल राहिलं असावं. मोडनिंबच्या आसपास शेजारच्या माणसानं नाक धरलं, पुढच्या बाकावरच्या बाई उठून मागे गेल्या आणि पुढचा सगळा प्रवास मृत्युंजयनं अख्ख्या बाकावर पाय पसरून केला.

बागेत सिद्धेश्वरी वाट बघत होती. डोक्याला रुमाल, पायात गमबूट. छाटलेली झाडं ओळीनं उभी होती. शेडच्या सावलीत निळी पिंपं आणि ते पोतं ठेवलेलं होतं.

मृत्युंजयनं मूठभर खडे उन्हात धरले. निळे होते, पण त्या निळ्यात हिरवट झाक होती, आणि काही खडे तर सरळ फिके हिरवे होते.

"चूल आहे का इथं?"

शेडमागं तीन दगडांची चूल होती. तिनं काटक्या पेटवल्या. त्यानं वाटीत आधी कॉलेजातलं मोरचूद घेऊन चिमट्यानं जाळावर धरलं. खड्यांतून वाफ निघाली, निळा रंग कडेनं उतरत गेला आणि बघता बघता वाटीत पांढरी भुकटी उरली, रांगोळीसारखी. ती गार झाल्यावर तो म्हणाला, "आता दोन थेंब पाणी टाका."

सिद्धेश्वरीनं ओंजळीतून थेंब सोडले. चर्र असा बारीक आवाज झाला आणि पांढऱ्या भुकटीत निळा रंग पसरला.

"अगं बाई!" ती उकिडवी बसली होती ती तशीच पुढं सरकली. "मेलेलं जित्तं झाल्यावानी! परत करा, परत!"

त्यानं परत केलं. खरं तर वेळ वाया जात होता, पण त्याला ते करावंसं वाटत होतं.

मग पोत्यातले खडे वाटीत गेले. ते आधी फिके पडले, पण पांढरे शुभ्र झाले नाहीत. जाळ वाढला तशी त्यांत विटकरी तांबूस झाक चढली.

"हे लोखंड," मृत्युंजय म्हणाला. "मोरचुदात हिराकस, लोखंडाचं स्वस्त हिरवट मीठ, मिसळलंय. दिसायला जवळचंच असतं, पण रोगाला ते काय करणार?"

सिद्धेश्वरी उठली. चुलीवर पाणी मारलं, पोत्याचं तोंड बांधलं. "चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"दुकानात. आज बाजार हाय, लोकं असतील."

तिनं पोतं पिकअपमध्ये टाकलं आणि मृत्युंजयला शेजारी बसवलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तो बाटलीतला वास कशाचा?"

"अमोनिया. त्यानं अजून स्पष्ट दिसतं." आणि त्यानं तिला सांगितलं, कसं ते.

शेती औषधांच्या दुकानात खरंच गर्दी होती. दुकानदार जाडजूड, हसतमुख माणूस. पोतं बघून त्याचं हसू थोडं आखडलं. "ताई, शिलबंद माल हाय. वरनं आला तसा मी दिला. तुमच्या पाण्यात खार असंल."

"पाण्याचं नंतर बोलू," सिद्धेश्वरी म्हणाली. तिनं चहावाल्याकडून काचेचे दोन ग्लास विकतच घेतले आणि काउंटरवर ठेवले. "सर, ते चांगलं द्या."

मृत्युंजयला वाटलं होतं आता आपल्याला बोलावं लागणार. पण सिद्धेश्वरीनं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि लोकांकडे वळली.

"या हो, या हिकडं, जवळ या. डोळं जपा, वास लई हाय. ह्या गलासात चांगलं मोरचूद. ह्यात ह्यांच्या दुकानातलं. दोन्हीत पाणी येकच, ह्यांच्याच माठातलं." तिनं पहिल्या ग्लासात अमोनिया ओतला. पाणी आधी गढुळलं आणि मग एकदम गर्द निळं झालं, इतकं गर्द की मागचा माणूस दिसेना. घोळक्यातून "आयला!" असा आवाज आला. तिनं दुसऱ्यात ओतला. वर थोडा निळा रंग आला, पण खाली शेवाळासारखा मळकट हिरवा गाळ बसायला लागला.

"वरचं निळं तांब्याचं," ती म्हणाली. "आणि खालचा राडा लोखंडाचा. आता सांगा, ह्यात मोरचूद किती आणि भेसळ किती? अशा पाण्यानं आमच्या बागा राखायच्या?"

मृत्युंजय बाजूला उभा राहून बघत होता. बारा-पंधरा वर्षं त्यानं हाच प्रयोग शिकवला होता, पण मागच्या रांगेतला माणूस टाचा उंचावून बघतोय असं त्याच्या वर्गात कधी झालं नव्हतं.

दुकानदार घामाघूम झाला होता. त्यानं आत जाऊन दुसरं पोतं फोडलं, आणखी एक ग्लास मागवला आणि स्वतःच त्यात अमोनिया टाकला. पुन्हा हिरवा गाळ. मग त्यानं काउंटरमागच्या पोरांना हाक मारली, "अरे, ह्यातलं एक पोतं बी इकायचं न्हाय. सगळं मागं काढा." आणि फोन लावून वरच्या व्यापाऱ्याला असं काही झापलं की ऐकणाऱ्यांची करमणूक झाली. सिद्धेश्वरीला त्यानं जुन्या, चांगल्या मालातलं मोरचूद काढून दिलं. ते देण्याआधी तिनं तेही ग्लासात तपासलं. गर्द निळं आलं.

दुपारपर्यंत नवं बोर्डो तयार झालं. या वेळी रंग आभाळाचाच आला. सिद्धेश्वरीनं एक स्वच्छ घासलेला विळा पिंपात बुडवला, थोडा वेळ धरला आणि बाहेर काढून बघितला.

"तांबूस दिसला तर चुना कमी," ती म्हणाली. "न्हायतर पानं करपतात."

"म्हणजे मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं," मृत्युंजय म्हणाला. "मी हे फळ्यावर शिकवतो."

"मग आता पिंपात बघा." तिनं विळा पुढं केला. पातं लखलखीत होतं. "सर, पंप पाठीवर घ्यायला जमंल का?"

जमलं, पण थोडंच. पहिल्याच ओळीत त्यानं वाऱ्याकडे तोंड करून नळी धरली आणि त्याचा पांढरा शर्ट पुढून निळ्या ठिपक्यांनी भरला. सिद्धेश्वरीनं पंप काढून घेतला, त्याला तोंड-हात धुवायला लावलं आणि बांधावर बसवून ठेवलं.

काम आटपल्यावर दोघं बांधावर भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा खात बसले. तिनं सरळ विषयाला हात घातला.

"मी बाग सोडून सोलापूरला येणार न्हाय. आधीच सांगते. दोन स्थळं त्याच्यावरच मोडली, म्हणून तुमाला निरोप धाडला न्हवता."

"मी कॉलेज सोडू शकत नाही," मृत्युंजय म्हणाला. मग भाकरी खाली ठेवून म्हणाला, "पण शनिवार-रविवार मोकळा असतो. सुट्ट्याही बऱ्याच असतात. आणि अकलूजला कॉलेजं आहेत, तिकडं जागा निघाली तर अर्ज करीन. एसटीची मला सवय आहे. तुमची तयारी असेल तर..."

"तुमच्या अव्वांचं काय?"

त्यानं तिथूनच फोन लावला. शिवबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शनिवार-रविवार, बाग, अकलूज. मग म्हणाल्या, "म्हंजी शनिवारी तुझं धुणं नाही, रविवारी तुझा डबा नाही. मला कशाला अडचण? तिला दे फोन."

दोघी काय बोलल्या ते मृत्युंजयला कळलं नाही. सिद्धेश्वरी फोन कानाला लावून लांब जाऊन हसत होती.

अक्षयतृतीयेच्या पुढच्या आठवड्यात लग्न झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मृत्युंजय नातेपुत्यातच होता. एका सकाळी सिद्धेश्वरीनं त्याला ट्रॅक्टरवर बसवलं. शेडच्या सावलीत शिवबाई आणि मल्लप्पा चहा पीत बसले होते.

"ह्यो क्लच. हळू सोडायचा. हळू म्हंजी हळू, सर!"

मृत्युंजयनं क्लच सोडला. ट्रॅक्टरनं एक उडी घेतली, ठिबकच्या नळीवरून गेला आणि शेणखताच्या ढिगात तोंड खुपसून बंद पडला. फुटलेल्या नळीतून पाण्याचं कारंजं उडालं.

"मागं घ्या आता!" सिद्धेश्वरी ओरडली.

"मागं कसा घेतात?"

"ते उद्याच्या धड्यात हाय!" ती म्हणाली आणि हसत हसत कारंजं बंद करायला धावली.